मिड-ड्राइव्ह ई-माउंटन बाइकसाठी चेन, कॅसेट आणि डिरेलर निवडताना

साताऱ्यातील एका सायकलस्वाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे मिड-ड्राइव्ह, म्हणजे पेडलजवळ बसवलेल्या, मोटरची, पुढे-मागे सस्पेन्शन असलेली ई-माउंटन बाइक आहे. मोटरचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटर, चाके २९ इंची, पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) आणि मागे ११ ते ४६ दात्यांची १० स्पीड कॅसेट (दहा दातेरी चाक्यांचा संच) आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासला आणि सवड असेल तेव्हा पुढे बामणोलीपर्यंत जाणे हा त्यांचा नेहमीचा रस्ता. पावसाळ्यानंतर त्यांची चेन दोनदा तुटली. नवी चेन बसवल्यावर ती छोट्या गिअरमध्ये दात्यांवरून सटकू लागली. आता सगळेच बदलायचे तर १० ते ५१ दात्यांचा १२ स्पीड सेट घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. सोबत जाणाऱ्या मित्राची सायकल मागच्या चाकात हब मोटर असलेली, ७ स्पीडची आहे; तिलाही हीच सामग्री चालेल का, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. आपल्या सायकलला आणि आपल्या रस्त्याला १२ स्पीडची गरज नाही. त्याच पैशांत जाड दात्यांची पोलादी कॅसेट, ई-बाइकसाठी बनवलेली चेन आणि थोडी लहान चेनरिंग घेतल्यास चढावर जवळजवळ तेवढाच हलका गिअर मिळेल आणि सामान पुष्कळ जास्त टिकेल. मात्र हे कशामुळे, हे समजल्याशिवाय दुकानात जाऊन उपयोग नाही, कारण तेथे गिअरची संख्या हीच सुधारणा म्हणून पुढे केली जाते.

मिड-ड्राइव्ह सायकलमध्ये मोटरची सगळी ताकद आपल्या पायांच्या ताकदीबरोबर एकाच चेनमधून मागच्या चाकाकडे जाते. ७० किलो वजनाचा माणूस पेडलवर उभा राहिला, तर साधारण १६५ मिलिमीटरच्या क्रँकवर त्या क्षणी सुमारे ११५ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. साध्या सायकलमध्ये ३४ दात्यांच्या चेनरिंगवर याचा अर्थ चेनवर सुमारे १७० किलोंचा ताण असा होतो. त्याच क्षणी मोटरने आपले ८५ न्यूटन-मीटर त्यात घातले की हा ताण ३०० किलोंच्या आसपास जातो. चांगल्या नव्या चेनची तुटण्याची मर्यादा ८०० किलोंच्या पुढे असते. म्हणजे सरळ ओढीने चेन तुटायला नको. तरीही ती तुटते, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी गिअर बदलण्याच्या त्या अर्ध्या फेऱ्यात सापडते.

गिअर बदलताना चेन काही क्षण दोन चाक्यांवर तिरकी चढलेली असते. तिच्या बाहेरच्या पट्टीची कड शेजारच्या मोठ्या चाकीच्या दात्यावर अडकते आणि पट्टी पिनवरून बाजूला उचकटली जाते. पिन ओढीला फार मजबूत असते, पण पट्टी बाजूला उचकटण्याला तितकी नाही. म्हणून चढाच्या वळणावर, पूर्ण बूस्ट (मोटरची सर्वाधिक मदत) चालू असताना आणि पेडलवर जोर असताना गिअर दाबला की एकेक पट्टी थोडी थोडी सैल होते, आणि पुढे एखाद्या दिवशी अगदी सौम्य चढावर चेन हातात येते. आपली तुटलेली चेन टाकून दिली नसेल, तर तिचे टोक उजेडात नीट पाहा. बाहेरची पट्टी एका बाजूने वाकून बाहेर फाकलेली असेल, तर गिअर भाराखाली बदलला गेला आहे. पट्टी सरळ आहे आणि पिनच निसटली आहे, शिवाय तो जोड कुणीतरी चेन टूलने जुनीच पिन परत ठोकून केलेला आहे असे दिसले, तर दोष जोडणीचा आहे. ९ स्पीड आणि त्याहून अरुंद चेनमध्ये काढलेली पिन पुन्हा वापरू नये. क्विक लिंकने, म्हणजे आपल्याकडे ज्याला चेन लॉक म्हणतात त्याने, जोड द्यावा. अनेक कंपन्यांचे ११ आणि १२ स्पीडचे चेन लॉक एकदाच वापरण्यासाठी असतात, हेही लक्षात ठेवावे.

नवी चेन सटकते, हा चेनचा दोष नाही. वापराने चेनच्या पिना आणि रोलर झिजतात, दोन पिनांमधले अंतर किंचित वाढते आणि कॅसेटचे दाते त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजत जातात. जुनी चेन जुन्या दात्यांवर नीट बसते, पण नव्या चेनचे अंतर अचूक अर्ध्या इंचाचे असल्याने ती झिजलेल्या दात्यावर चढते आणि जोर आला की उडी मारते. छोट्या चाक्यांवर हे आधी होते, कारण ११ किंवा १३ दात्यांच्या चाकीवर चेनला धरून ठेवणारे दाते मोजकेच असतात आणि प्रत्येक दात्यावरून चेन जास्त वेळा जाते. पोवई नाक्यापासून शहराबाहेरच्या सपाट रस्त्यावर बूस्ट लावून सगळ्यात लहान चाकीवर सायकल चालवण्याची सवय असेल, तर घाट न चढताही त्या दोन-तीन चाक्या संपतात. एक फरक मात्र तपासून घ्या. ठराविक गिअरमध्येच सटकत असेल तर चाकी झिजली आहे. सगळ्याच गिअरमध्ये सारखे सटकत असेल, तर फ्रीहबच्या (मागच्या हबवर कॅसेट बसते त्या भागाच्या) आतील पॉल, म्हणजे एकाच दिशेने पकड घेणारे खटके, किंवा पुढची चेनरिंग पाहावी लागेल, आणि तसे असताना कॅसेटवर केलेला खर्च वाया जाईल.

आता १२ स्पीडकडे वळतो. १० ते ५१ दात्यांच्या कॅसेटचे आकर्षण दोन टोकांना आहे: एकीकडे १० दात्यांची चाकी आणि दुसरीकडे ५१ दात्यांची. ही दोन्ही टोके आपल्या उपयोगाची किती आहेत, हे हिशेबानेच पाहू. आपल्या २९ इंची चाकाचा घेर टायरसह साधारण २.३ मीटर आहे. पेडल मिनिटाला ७० फेरे फिरवत असाल, तर ३४ दात्यांच्या चेनरिंगवर आणि मागे ४६ च्या चाकीवर सायकल ताशी सुमारे ७.२ किलोमीटरने चालते. मागे ५१ ची चाकी लावली तर हा वेग सुमारे ६.५ वर येतो, म्हणजे चढ थोडा हलका होतो. पण मागची कॅसेट तशीच ४६ ची ठेवून पुढे ३२ दात्यांची चेनरिंग लावली, तर वेग सुमारे ६.८ वर येतो. नव्या कॅसेट, शिफ्टर (हँडलवरची गिअरची कळ), डिरेलर (चेन एका चाकीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि फ्रीहबच्या खर्चाने जे मिळणार, त्यातले अर्ध्याहून थोडे जास्त एका चेनरिंगने मिळते. याहून हलका गिअर हवा असेल, तर त्याचाही मार्ग पुढे सांगितला आहे.

दुसऱ्या टोकाची गोष्ट आणखी सोपी आहे. आपल्याकडील नियमांत बसणारी ई-सायकल २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत असते. त्यापुढे मोटर मदत थांबवते. ३२ च्या चेनरिंगवर मागच्या १३ दात्यांच्या चाकीने मिनिटाला ७३ फेऱ्यांवरच ताशी २५ किलोमीटर होतात. म्हणजे मोटर चालू असताना ११ ची चाकीसुद्धा क्वचितच लागते, मग १० ची कशाला हवी? ती उतारावर उपयोगी पडेल, पण कासहून खाली येताना किंवा बामणोलीकडे शिवसागर जलाशयाच्या दिशेने उतरताना हात ब्रेकवर असतात, पाय पेडल मारत नसतात. या १० दात्यांच्या चाकीसाठी मात्र फ्रीहबच बदलावा लागतो. शिमानो कंपनीच्या १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या १२ स्पीड कॅसेटला मायक्रो स्प्लाइन पद्धतीचा फ्रीहब लागतो आणि स्रॅम कंपनीच्या तशा कॅसेटला एक्सडी पद्धतीचा. आपल्या सायकलवर बहुधा जुना हायपरग्लाइड पद्धतीचा फ्रीहब आहे आणि त्यावर ११ दात्यांपेक्षा लहान चाकी बसत नाही. काही हबना तो भाग बदलून मिळतो, काहींना मिळत नाही, आणि मग संपूर्ण चाक नव्याने बांधण्याची वेळ येते.

१२ स्पीडची चेन कमजोर असते, असे अनेकांकडून ऐकायला मिळते. ते मला तितकेसे खरे वाटत नाही. बाहेरची रुंदी १० स्पीड चेनची सुमारे ५.९ मिलिमीटर आणि १२ स्पीडची सुमारे ५.२ मिलिमीटर असते, पण चांगल्या १२ स्पीड चेन ओढीला पुरेशा मजबूत असतात आणि अनेक मोठ्या कंपन्यांच्या ई-माउंटन बाइक त्याच घेऊन कारखान्यातून बाहेर पडतात. अडचण आहे ती चाक्यांमधल्या अंतराची. बारा चाक्या तेवढ्याच जागेत बसवल्या की डिरेलरच्या हँगरला (डिरेलर फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याला) थोडासा बाक आला, केबलच्या आवरणात चिखल गेला किंवा सस्पेन्शनच्या बिजागरीत किंचित खेळ आला, तरी चेन दोन चाक्यांच्या मध्ये रेंगाळू लागते. आणि रेंगाळलेली चेन मोटरच्या जोराखाली आली, की पट्टी उचकटण्याची तीच कथा पुन्हा सुरू होते. सपाट, कोरड्या प्रदेशात आणि सुसज्ज दुकान जवळ असताना हे सांभाळता येते. जांभ्याच्या तांबड्या चिखलात, पाऊस आणि धुके असताना कासच्या पुढे दुकान नाही.

स्रॅमने २०१६ साली ई-माउंटन बाइकसाठी ईएक्स १ नावाची खास प्रणाली काढली होती, तेव्हा तिच्यात ११ ते ४८ दात्यांच्या फक्त ८ चाक्या ठेवल्या होत्या आणि शिफ्टर असा होता की एका दाबात एकच गिअर बदलेल. मोटर असताना चाक्यांची संख्या कमी असली तरी चालते, कारण दोन गिअरमधले अंतर मोटर भरून काढते. आणि एकदम तीन-चार चाक्या ओलांडण्याची सोय असणे हेच चेनला घातक असते, हा त्यामागचा विचार आजही बरोबर आहे. ती प्रणाली महाग होती, म्हणून आज मी ती सुचवत नाही. पण ‘एका दाबात एक गिअर’ देणारे शिफ्टर आजही मिळतात, आणि नवा शिफ्टर घेणारच असाल तर तसाच घ्यावा असा माझा आग्रह राहील.

आपल्यासमोर मला दोन चांगले मार्ग दिसतात.

पहिला मार्ग कमी खर्चाचा आहे. सध्याचा १० स्पीड शिफ्टर आणि डिरेलर चांगल्या स्थितीत असतील, तर तेच ठेवावेत. ११ ते ४६ ची १० स्पीड कॅसेट नवी घ्यावी, १० स्पीडची ई-बाइक चेन घ्यावी आणि चेनरिंग ३२ ची करावी. कॅसेट घेताना सोबत एक छोटे चुंबक न्यावे. पुष्कळ कॅसेटमध्ये सर्वांत मोठी चाकी वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनिअमची असते, आणि घाट चढणारा माणूस नेमकी तीच चाकी सर्वांत जास्त वापरतो. चुंबक जिला चिकटेल ती चाकी पोलादी, एवढी साधी परीक्षा पुरे. पोलादी कॅसेट दोनशे ग्रॅमनी जड असेल, पण २३-२४ किलोंच्या सायकलवर ते दोनशे ग्रॅम कुणालाही जाणवणार नाहीत. मोठ्या चाक्या एकमेकींना रिव्हेटने किंवा एका सांगाड्यावर जोडलेल्या असतील तर अधिक चांगले, कारण सुट्या सुट्या चाक्या ॲल्युमिनिअमच्या फ्रीहबच्या खाचांत जोराने रुततात. कॅसेट काढल्यावर फ्रीहबवर बोट फिरवून पाहा. खोल खाचा पडलेल्या असतील तर कॅसेटबरोबर पोलादी फ्रीहब बॉडी मिळते का, हे विचारावे. डीटी स्विसने ई-बाइकसाठी काढलेल्या हायब्रिड हबमध्ये फ्रीहब बॉडी पोलादीच ठेवली आहे. हब निवडताना पेडल किती लवकर पकड घेते यापेक्षा आतले दाते किती भार सोसतात, याला महत्त्व द्यावे.

या मार्गात एक सापळा आहे. १० स्पीड म्हटले की सगळे १० स्पीडचे सामान एकमेकांना चालते, असा समज आहे. शिमानोने २०२० साली आणलेल्या डिओर एम ४१०० मालिकेतील १० स्पीड शिफ्टर त्याआधीच्या १० स्पीड डिरेलरबरोबर नीट चालत नाही, कारण एका दाबात केबल किती ओढायची हे प्रमाणच दोन्हींत वेगळे आहे. म्हणून शिफ्टर किंवा डिरेलर यांपैकी एकच बदलणार असाल, तर डिरेलरच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक वाचून, त्याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्यावा.

दुसरा मार्ग खर्चाचा असला तरी मला अधिक पसंत आहे, आणि आपण आठवड्याला घाट चढत असाल तर तो घ्यावा. शिमानोने २०२१ साली लिंकग्लाइड नावाची नवी पद्धत आणली आणि २०२३ पासून क्यूज मालिकेत ती स्वस्त सामानापर्यंत पोहोचवली. तिच्या चाक्यांचे दाते बुडाशी अधिक जाड आहेत आणि चेन एका चाकीवरून दुसरीवर जाण्यासाठी असलेले उतार वेगळ्या पद्धतीने घडवले आहेत. ही कॅसेट त्यांच्या नेहमीच्या हायपरग्लाइड कॅसेटच्या तिप्पट टिकते, असा कंपनीचा दावा आहे. तिप्पट हा आकडा प्रत्येकाच्या वापरात तसाच उतरेल असे मी म्हणणार नाही, पण भाराखाली गिअर बदलताना बसणारा धक्का कमी झाला आहे, हे पहिल्याच चढावर पायांना कळते. बदल किंचित सावकाश होतो. शर्यतीत भाग घेणाऱ्याला ते खटकेल, आपल्याला नाही.

लिंकग्लाइडच्या ११ स्पीड कॅसेटमध्ये ११ ते ५० दाते मिळतात. म्हणजे ३४ ची चेनरिंग तशीच ठेवूनही ७० फेऱ्यांवर ताशी सुमारे ६.६ किलोमीटरचा गिअर हाती येतो, आणि ३२ ची लावली तर सुमारे ६.२ चा. वरच्या टोकाला तिच्या चाक्या ३६, ४३ आणि ५० अशा आहेत, तर ११ ते ४६ च्या नेहमीच्या १० स्पीड कॅसेटमध्ये ३७ वरून एकदम ४६ वर उडी आहे. यवतेश्वरच्या वळणांमध्ये चढ सतत बदलत असताना या दोन पद्धतींतला फरक स्पष्ट जाणवतो: ३७ वर मोटर गुरगुरते आणि ४६ वर पाय रिकामे फिरतात, अशी जी ओढाताण होते ती ४३ च्या चाकीने मिटते.

आणखी एक मोठी सोय म्हणजे ही कॅसेट जुन्या हायपरग्लाइड फ्रीहबवरच बसते. चेनही ११ स्पीडचीच लागते. त्यासाठी लिंकग्लाइडची स्वतःची चेन घ्यावी किंवा चांगली ११ स्पीडची ई-बाइक चेन घ्यावी. पण शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट हे तिन्ही लिंकग्लाइडचेच हवेत. जुना ११ स्पीड शिफ्टर ठेवून फक्त लिंकग्लाइड कॅसेट बसवली, तर चाक्यांमधले अंतर आणि केबलची ओढ जुळत नाही आणि कितीही ट्यूनिंग केले तरी दोन-तीन गिअर कधीच नीट बसत नाहीत. अर्धा सेट आज आणि अर्धा पुढच्या महिन्यात, असा विचार असेल तर पैसे साठेपर्यंत थांबावे आणि तोवर पहिल्या मार्गाने जावे.

स्रॅमची टी-टाइप ट्रान्समिशन ही १२ स्पीड असूनही भाराखाली गिअर उत्तम बदलते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तिचा डिरेलर हँगरशिवाय थेट फ्रेमला बसतो, म्हणून हँगर वाकण्याचा प्रश्नच राहत नाही. पण त्यासाठी फ्रेम यूडीएच, म्हणजे एकाच प्रमाणित मापाचा हँगर बसणाऱ्या, पद्धतीची असावी लागते आणि एक्सडी फ्रीहबही लागतो. पुढे कधी नवी सायकलच घ्याल तेव्हा तिचा विचार जरूर करावा. आहे त्या सायकलवर ती बसवण्याचा खर्च मला पटत नाही.

चेनरिंगबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण ती स्वस्त असल्याने लोक विचार न करता मागवतात. प्रत्येक मोटर कंपनीची चेनरिंग बसवण्याची पद्धत वेगळी असते, म्हणून मोटरचे नाव आणि मॉडेल सांगूनच ती घ्यावी. दात्यांच्या संख्येइतकाच तिचा बाक महत्त्वाचा असतो. आतल्या बाजूला किती मिलिमीटर सरकलेली आहे, यावर चेनची रेषा ठरते. मूळ चेनरिंगचा जो बाक आहे तोच नवीलाही असावा. ती दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली तर सर्वांत मोठ्या चाकीवर चेन अधिक तिरकी चालेल, आणि घाटात आपण त्याच चाकीवर सर्वाधिक वेळ असणार आहात. एक रुंद आणि एक अरुंद दाता असलेली चेनरिंग घ्यावी, म्हणजे खडबडीत उतारावर चेन पडत नाही. पोलादी मिळाली तर पोलादीच घ्यावी. ३२ पेक्षा खाली जाऊ नये, असे माझे मत आहे. चेनरिंग लहान केली की त्याच टॉर्कला चेनवरचा ताण वाढतो. ३४ वरून ३२ वर येताना तो सुमारे ६ टक्के वाढतो आणि तेवढा मान्य करण्यासारखा आहे, पण ३० वर तो १३ टक्क्यांच्या पुढे जातो. शिवाय पुढे-मागे सस्पेन्शन असलेल्या काही सायकलींमध्ये लहान चेनरिंग लावल्यावर चेन मागच्या दांडीवर घासू लागते.

हलका गिअर हवा तो केवळ पायांच्या सोयीसाठी नाही. मोटर मिनिटाला ६० ते ९० फेऱ्यांच्या दरम्यान उत्तम काम करते. ४० फेऱ्यांवर तिला ओढायला लावले तर बॅटरीतील वीज उष्णतेत जाते आणि लांब चढावर मोटर स्वतःच ताकद कमी करते. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढणारा ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये जसा धापा टाकतो, तसेच हे आहे. शहरापासून कासच्या पठारापर्यंत चढ सुमारे ५०० मीटरचा आहे. सायकल, आपण आणि पाठीवरची पिशवी मिळून १०५ किलो धरले, तर तेवढे वजन नुसते वर नेण्यासाठीच सुमारे १४० वॅट-तास ऊर्जा लागते. यातला मोठा वाटा मोटरने द्यायचा असेल, तर ती योग्य फेऱ्यांवर फिरते की नाही यावर बामणोलीहून परतताना बॅटरी उरते की नाही हे ठरते.

आता चेन. चेनवर ‘ई’ लिहिले आहे एवढ्यावर समाधान मानू नये, पण केएमसीच्या ई मालिकेतील किंवा शिमानोच्या ई-बाइकसाठीच्या चेन खरोखर वेगळ्या असतात. त्यांच्या पिनांची टोके अधिक घट्ट बसवलेली असतात आणि पट्टी उचकटण्याला त्या जास्त विरोध करतात. लांबी ठरवताना जुन्या चेनएवढी नवी कापून घेण्याची पद्धत येथे चालणार नाही, कारण चेनरिंग आणि कॅसेट दोन्ही बदलत आहेत. मागचा शॉक पूर्ण दाबला की अनेक सायकलींमध्ये पुढच्या आणि मागच्या चाक्यांमधले अंतर वाढते. म्हणून शॉकमधील हवा काढून, सस्पेन्शन जेथे चेनला सर्वांत जास्त ओढते त्या स्थितीत धरून, चेन सर्वांत मोठ्या चाकीवरून आणि चेनरिंगवरून, डिरेलरमधून न घेता, गुंडाळावी आणि त्यावर उत्पादकाने सांगितलेल्या जास्तीच्या कड्या ठेवाव्यात. हे न करता कापलेली आखूड चेन पहिल्याच मोठ्या खड्ड्यात डिरेलर मुळातून उपटते.

चेन कधी बदलायची, हे मोजून ठरवावे, किलोमीटरवरून नाही. चेन गेज नसेल तर पोलादी पट्टी पुरते. चेन ताणलेल्या स्थितीत एका पिनच्या मध्यावर शून्य धरा आणि चोविसाव्या अंतरावरची पिन पाहा. नव्या चेनवर ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. ती ३०६.३ च्या पुढे गेली असेल, तर चेन अर्धा टक्का लांबली आहे. ११ आणि १२ स्पीडची चेन तेथेच बदलावी. १० स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते, पण मिड-ड्राइव्हवर मी तेथेही अर्ध्या टक्क्याचाच नियम पाळतो. वेळेवर बदललेल्या दोन-तीन चेन एका कॅसेटवर सुखाने जातात. उशीर केला की चेनबरोबर कॅसेटही जाते, आणि आपल्या बाबतीत नेमके तेच घडले आहे.

डिरेलर क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) असलेला घ्यावा आणि तो आपल्या सर्वांत मोठ्या चाकीला चालतो का, हे तपासावे. ४६ साठी बनवलेला डिरेलर हँगरला लांबवणारी पट्टी जोडून ५० वर चालवण्याचा सल्ला कुणी देईल. मोटर असलेल्या सायकलवर तो मानू नये. नवे सामान बसवण्याआधी हँगर सरळ आहे की नाही, हे हँगर गेजने तपासून घ्यावे आणि एक जादा हँगर, दोन चेन लॉक आणि छोटे चेन टूल कायम पिशवीत ठेवावे. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि आपल्याकडे तो बहुधा पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. केबल आणि तिचे आवरण नवेच घालावे, टोकांना रबरी सील असलेले. कॅसेटची लॉक रिंग ४० न्यूटन-मीटरने घट्ट करावी लागते. हाताच्या अंदाजाने ती नेहमीच कमी घट्ट राहते.

एवढे सगळे केल्यावरही वळणाच्या आधी गिअर बदलण्याची सवय लागली नाही, तर चेन पुन्हा तुटेल. गिअर दाबताना क्षणभर पेडलवरचा जोर काढायचा, पाय मात्र फिरते ठेवायचे. कारखान्यातून आलेल्या अनेक मिड-ड्राइव्ह मोटर गिअर बदलताना स्वतःहून जोर थोडा कमी करतात. साध्या सायकलला बाफांग कंपनीचे मोटर किट बसवलेले असेल, तर केबलवर बसणारा गिअर सेन्सर जरूर लावून घ्यावा. तो तेवढ्या क्षणापुरती मोटर तोडतो.

पावसाळ्यात सायकल परत आणली की कमी दाबाच्या पाण्याने चिखल काढावा, चेन फडक्याने कोरडी करावी आणि ओल्या हवेसाठीचे ऑइल प्रत्येक रोलरवर एकेक थेंब घालून जादाचे पुसून टाकावे. कार धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा मोटरच्या सीलवर आणि हबच्या बेअरिंगवर मारू नये. दिवाळीनंतर रस्ते धुळीचे झाले की हेच ओले ऑइल जांभ्याची बारीक धूळ धरून पॉलिश पेपरसारखे काम करते, म्हणून तेव्हा चेन पूर्ण स्वच्छ करून वॅक्सवर यावे.

आपल्या मित्राच्या सायकलचा विचार पूर्ण वेगळा आहे. हब मोटरची ताकद चेनमधून जातच नाही. ती थेट मागच्या चाकाला मिळते आणि चेनवर फक्त पायांचा जोर येतो. म्हणून त्यांना ई-बाइक चेन किंवा लिंकग्लाइड यांची गरज नाही. त्यांच्या हबवर बहुधा आट्यांनी बसणारे ७ स्पीड फ्रीव्हील असेल, आणि त्यावर कोणतीही कॅसेट बसणार नाही. त्यांची अडचण दुसरी आहे: चढावर चाकाचा वेग कमी झाला की हब मोटर फार कमी फेऱ्यांवर फिरते, तापते, आणि गिअर कितीही बदलले तरी तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही. त्यांनी १४ ते २८ चे फ्रीव्हील असल्यास १४ ते ३४ चे लावावे, पुढची चेनरिंग शक्य तेवढी लहान करावी आणि घाटात वेग ताशी ८-१० किलोमीटरच्या खाली जाऊ न देता पायांनी जास्त वाटा उचलावा. ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पठारावर जाणाऱ्या लांब चढासाठी मध्ये थांबून मोटरच्या कवचावर हात ठेवून पाहावा. हात टेकवत नसेल इतकी ती तापली असेल, तर दहा-पंधरा मिनिटे सावलीत उभी करूनच पुढे निघावे. फ्रीव्हील काढताना अॅक्सलचे नट आणि मोटरची वायर ज्या बाजूने निघते ती बाजू आधी पाहून घ्यावी, कारण आरपार भोक नसलेले फ्रीव्हील रिमूव्हर हब मोटरच्या जाड अॅक्सलवर बसत नाही आणि ते ठोकून बसवण्याच्या प्रयत्नात अॅक्सलचे आटे आणि वायर दोन्ही खराब होतात.